श्वासाच्या व्यायामाचं यंत्र: पाच-सहा महिने वापरल्यावर, आणि त्या माऊथपीसबद्दल

“माऊथपीस सुटा येत नाही मॅडम, अख्खं यंत्रच नवीन घ्यावं लागेल.” विक्रेत्याचं हे उत्तर परवा पुन्हा ऐकलं आणि ठरवलं, आता सविस्तर लिहायचंच. आईच्या श्वासाच्या स्नायूंना व्यायाम देणारं हे यंत्र चार हजारांच्या आसपासचं. स्प्रिंग उत्तम, झडप उत्तम, आणि तोंडात धरायच्या बोटभर प्लास्टिकसाठी ते सगळं पुन्हा विकत घ्यायचं? पक्षाघाताच्या रुग्णाच्या घरात औषधं, फिजिओ, मदतनीस बाई, डायपर असा खर्च महिन्याला ठरलेला असतो. त्यात हा नाहक खर्च मी करणार नाही.

आईला गेल्या वर्षी झटका आला आणि डावी बाजू गेली. हातापायाकडे सगळ्यांचं लक्ष होतं. श्वासाचे स्नायूही त्याच बाजूने दुबळे होतात, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. तिचा खोकला पार मऊ झाला होता. घशात कफ घुरघुरायचा, पण वर यायचा नाही. दोन-तीन शब्द बोलली की थांबून श्वास घ्यायची. फिजिओ मॅडमनी समजावलं की छाती आणि पोटामधला श्वासपटलाचा पडदा लकव्याच्या बाजूला कमी हलतो. जोरदार खोकायचं तर आधी खोल श्वास आत यावा लागतो. तोच येत नसेल तर कफ आत साचतो, आणि अन्नाचा कण किंवा लाळ श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनियाची भीती राहते.

तो श्वास वाढवायला आम्ही घेतलं ते थ्रेशोल्ड झडपेचं यंत्र, म्हणजे ठरावीक जोराने श्वास ओढला तरच झडप उघडणारं. ते काय असतं हे इथे वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असेल. पण मेडिकलमध्ये मिळणाऱ्या तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरशी लोक त्याची गल्लत करतात, म्हणून थोडं सांगते. चेंडूवाल्यावरचे ६००, ९००, १२०० हे आकडे हवेच्या वेगाचे असतात, सेकंदाला इतके मिलिलिटर. हळू ओढलं तर स्नायूंना फारसं काम पडत नाही. झडपेच्या यंत्रात स्प्रिंग जेवढी आवळू तेवढा जोर लावल्याशिवाय झडप उघडतच नाही, हळू ओढा की जोरात. म्हणजे व्यायामाचं वजन, झडप उघडायला लागणारा जोर, ठरलेलं राहतं आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवता येतं. चेंडूवालं आमच्या घरी डिस्चार्जच्या दिवसापासून होतं. फुप्फुस फुलवायला ते ठीक आहे, पण स्नायूंची ताकद वाढवायला पुरत नाही.

आता मुद्द्यावर येते. यंत्रासोबत येणारा माऊथपीस म्हणजे एक साधी गोल नळी. ज्याचे ओठ दोन्ही बाजूंनी घट्ट मिटतात त्याला ती चालते. पण पक्षाघातात तोंडाची एक बाजू कितीतरी जणांची ओघळलेली असते! आई जीव खाऊन ओढायची, डाव्या कोपऱ्यातून फुस्स करून हवा आत जायची आणि झडप उघडायचीच नाही. ती म्हणायची, “माझ्यात दमच राहिला नाही गं.” पहिल्या महिन्यात मी हे यंत्र परत पाठवायच्या बेतात होते. भाचीने शिफारस विचारली तेव्हा तिला स्पष्ट सांगितलं होतं की घेऊ नकोस.

ते मत बदललं ते ओपीडीत. श्वास ओढण्याचा जोर मोजायला एक छोटं मीटर असतं, आकडा ‘सेंटिमीटर पाणी’ या दाबाच्या मापात येतो. आईचा जेमतेम २८ आला. मॅडमना शंका आली. त्यांनी आईचा डावा गाल आणि ओठाचा कोपरा दोन बोटांनी दाबून धरला आणि म्हणाल्या, “काकू, आता ओढा, शहाळ्यातलं पाणी ओढतो तसं.” आकडा ४०च्या वर गेला! म्हणजे ताकद होती, ती गळतीत वाया जात होती. गळक्या ओठांनी मोजलं की मोजमापच चुकतं, त्यावरून व्यायामाचं वजन चुकतं, आणि वर रुग्णाचा धीर खचतो. सुरुवात मोजलेल्या जोराच्या साधारण ३० टक्क्यांवर करतात. २८चे ३० टक्के आणि ४०चे ३० टक्के यात फरक आहे, आणि रोजच्या व्यायामात तो जाणवतो.

यावर उपाय आहे. फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये कडेला रुंद पट्टी असलेला रबरी माऊथपीस वापरतात. ती पट्टी ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये बसते, त्यामुळे ओठ सैल असला तरी हवा निसटत नाही. आमच्या विक्रेत्याला हे माहीतच नव्हतं, आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. सांगली-मिरजेची सर्जिकलची दुकानं पालथी घातली, कुठे मिळाला नाही. शेवटी पुण्याहून लॅबचं साहित्य विकणाऱ्याकडून मागवला. श्वसनाच्या उपकरणांचे जोड बहुधा १५ किंवा २२ मिलिमीटरचे असतात. मागवण्याआधी आपल्या यंत्राचं तोंड मोजून घ्या. आमच्या यंत्राला तो चपखल बसला. किंमत काहीशे रुपये. जवळजवळ तेवढाच कुरियरचा खर्च, तो मात्र खटकला.

दुसरी गोष्ट कवळीची. आई कवळी काढून व्यायामाला बसायची, तेव्हा ओठांना आतून आधारच नसायचा. कवळी घालून बसवल्यावर गळती आणखी कमी झाली. हे यंत्राच्या माहितीपत्रकात कुठेही नाही. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे आणि त्यातला रुग्ण तरणाताठा, खेळाडू दिसतो.

त्यानंतरचे महिने वेगळे गेले. सकाळी तीस श्वास, संध्याकाळी तीस श्वास, मध्ये मध्ये विसावा. पाठीला टेका असलेली खुर्ची, डावा हात उशीवर, नाकाला क्लिप. श्वास जोरात आत, बाहेर मात्र निवांत. घाई केली की चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात, कारण भराभर श्वासाने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. आईला एकदा तसं झालं, थांबवल्यावर लगेच बरं वाटलं. बीपी चढलेलं असेल त्या दिवशी आम्ही सुट्टी देतो. हृदयाचा त्रास, कानाच्या पडद्याला इजा किंवा पूर्वी फुप्फुसाबाहेर हवा साठल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नका.

फरक मला आधी फोनवर कळला. आई मावशीशी बोलताना पूर्वी “हो… बरं… ठेवते” एवढ्यावर आटोपायची. आता भाजीचे भाव, शेजारचं लग्न, सगळं सांगते आणि मध्ये धाप लागत नाही. खोकल्याला जोर आला. कफ वर येतो आणि ती तो थुंकू शकते. हे वाचून कुणाला किळस येईल, पण ज्याने रात्री घुरघुर ऐकत जागून काढल्या आहेत त्याला याची किंमत कळेल. व्यायामाचं वजन आता सुरुवातीच्या दुपटीच्या पुढे आहे.

हे सगळं यंत्रामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. याच काळात चालण्याचा व्यायाम आणि स्पीच थेरपीही चालू होती. संशोधनही एका सुरात बोलत नाही. बार्सिलोनाच्या चाचणीत १०९ रुग्णांना तीन आठवडे श्वास घेण्याचा आणि सोडण्याचा असा दोन्ही व्यायाम दिला होता. २०१५ साली आलेल्या निकालात स्नायूंची ताकद वाढलेली दिसली, आणि सहा महिन्यांत फुप्फुसांच्या तक्रारी नुसतं नावापुरतं यंत्र वापरणाऱ्या गटात ८ जणांना, तर खरा व्यायाम करणाऱ्यांत २ जणांना झाल्या. त्याच वर्षी लंडनच्या एका चाचणीत मात्र, झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, खोकल्याचा जोर सगळ्याच गटांत वाढला, खरं यंत्र असो की नावापुरतं. म्हणजे निसर्गही आपलं काम करत असतो. तरी माझ्या आईच्या बाबतीत गळती थांबल्यानंतरचा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि दर भेटीत मीटरवरचा आकडा वाढलेलाही पाहिला आहे.

एक सूचना कळकळीने करते. श्वासाला जोर आला म्हणून गिळण्याचं पथ्य सोडू नका. श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून आईचा चहा अजून दाट करूनच देतो, स्पीच थेरपिस्ट सांगतील तोपर्यंत तसाच देणार.

बाकी यंत्र टिकाऊ आहे. कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. उकळायचं नाही, प्लास्टिक वाकतं. एक यंत्र एकाच रुग्णाला.

भाचीला मी पुन्हा फोन करून सांगितलं की तिच्या सासऱ्यांसाठी घे, पण आधी जोर मोजून घे, आणि मोजताना ओठाचा कोपरा दाबून धरायला सांग. विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचार की माऊथपीस सुटा मिळतो का आणि पट्टीवाला बसतो का. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघ. बनवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की पेटीत एक पट्टीवाला माऊथपीस टाका आणि दोनशे रुपये जास्त लावा. पैशापैशाचा हिशेब ठेवणारी मी ते दोनशे रुपये आनंदाने देईन.