डिव्हिजन वन की डिव्हिजन थ्री? मुलींच्या कॉलेज सॉकरमध्ये असिस्टंट कोच होताना

मैत्रिणीची मुलगी न्यू जर्सीत वाढली, कॉलेजात चार वर्षं लेफ्ट बॅक खेळली आणि आता तिला कोच व्हायचंय. हातात दोन ऑफर आहेत. एक मिडवेस्टमधल्या डिव्हिजन वन युनिव्हर्सिटीची, तिसऱ्या असिस्टंटची. दुसरी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजची, जिथे फुलटाइम असिस्टंट ती एकटीच असेल. आईबाबांचा निकाल झालाय: ‘वन म्हणजे वन!’ मी दोन्ही डिव्हिजनमध्ये असिस्टंट म्हणून राबले आहे, म्हणून फोन मला आला.

आधी हे ‘वन म्हणजे वन’ बाजूला ठेवू. एनसीएए ही अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना. तिचे डिव्हिजन म्हणजे पहिली, दुसरी आणि तिसरी तुकडी नव्हे. डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांना खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही, हा मुख्य फरक. २०२२ साली मुलींच्या डिव्हिजन थ्रीच्या फायनलमध्ये जॉन्स हॉपकिन्सने केस वेस्टर्नला हरवलं. दोन्हीकडच्या मुली अभ्यासाच्या जोरावर तिथे आलेल्या, आणि सॉकरही चांगलं खेळणाऱ्या.

आता काम. डिव्हिजन वनच्या बेंचवर हेड कोच आणि साधारण तीन असिस्टंट असतात. जुलै २०२३ पासून एनसीएएने ‘व्हॉलंटिअर कोच’ हा फुकट राबवून घ्यायचा प्रकार बंद केला, त्यामुळे अशी तिसरी जागा पगारी होऊ लागली. कामं वाटलेली असतात: एकाकडे गोलकीपर, एकाकडे रिक्रूटिंग, आणि नव्या पोरीच्या वाट्याला बहुधा व्हिडिओ. सामना संपून बस सुटली की लॅपटॉप उघडायचा, पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्या कॉर्नर किक व्हिडिओतून कापून एकत्र करायच्या आणि सकाळपर्यंत हेड कोचला पाठवायच्या. पहिल्या सीझनला मी इतके कॉर्नर पाहिले की झोपेतही निअर पोस्टला, म्हणजे गोलच्या जवळच्या खांबापाशी, कुणीतरी मोकळी दिसायची. नजर तयार झाली, हे कबूल. पण त्या अख्ख्या सीझनमध्ये एकही प्रॅक्टिस पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत माझ्या हातात आली नाही.

डिव्हिजन थ्रीत पहिल्याच आठवड्यात हेड कोच शिट्टी माझ्या हातात देऊन ॲडमिशनच्या मीटिंगला गेले. पंचवीस मुली, दीड तास, आणि मी आखलेला रोंडो (चौकोनात पास देत चेंडू राखायचा सराव) पाचव्या मिनिटाला कोलमडला. चौकोन फारच लहान झाला होता. मी ओरडून सूचना देत होते. तेवढ्यात एका सीनियर मुलीने काही न बोलता कोपऱ्यातला खुणेचा शंकू उचलला, तीन पावलं मागे ठेवला आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली. चौकोन केवढा हवा, हे त्यानंतर मला कुणाला विचारावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी जर्सी धुवायलाही मीच होते. प्रत्येकीची नंबर लावलेली जाळीची पिशवी, तिला मोठी पिन. एक पिन सुटली की ड्रायरमधून सगळ्या टीमचे मोजे एकमेकांत गुंतून बाहेर!

शिवाय डिव्हिजन थ्रीतल्या पदाला शेपूट असतं. दुसऱ्या खेळाच्या सामन्यांची व्यवस्था, फिटनेस सेंटरची पाळी, एखादा शारीरिक शिक्षणाचा तास. ऑफर लेटरमधलं ‘इतर सोपवलेली कामं’ हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका, ती कोणती ते नावानिशी लिहून मागा. डिव्हिजन वनमध्ये हे शेपूट नाही, पण तास जास्त. सीझनमध्ये आठवड्याला वीस आणि बाकीच्या वेळी आठ तास ही मर्यादा खेळाडूंना आहे, कोचला नाही. ऑगस्टमध्ये प्री-सीझन चालू होतो तो नोव्हेंबरपर्यंत गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं गिळतो. ते दोन्हीकडे सारखंच. आईला आत्ताच सांगून ठेवा.

रिक्रूटिंगमध्ये मात्र दोन वेगळे धंदे आहेत असं म्हटलं तरी चालेल. डिव्हिजन वनमध्ये मुलगी दहावी पास झाली की १५ जूनपासून तिच्याशी थेट बोलता येतं, आणि त्या रात्री बारा वाजता फोन सुरू होतात. त्याआधी कितीतरी वीकेंड फ्लोरिडात नाहीतर ॲरिझोनात ईसीएनएल या मुलींच्या क्लब लीगच्या शोकेसला, घडीच्या खुर्चीवर, वही मांडीवर. चेंडू यायच्या आधी ती खांद्यावरून मागे बघते का, चूक झाल्यावर कुणाकडे बघते, हे टिपायचं. वरून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. दोन वर्षं पाठपुरावा करून आणलेली मुलगी एका सीझननंतर दुसरीकडे जाऊ शकते, आणि तिच्या जागी बावीस वर्षांची तयार खेळाडू हवी असते. डिव्हिजन थ्रीत आधी मुलीची मार्कशीट ॲडमिशन ऑफिसला दाखवायची, तिथून होकारार्थी मान हलली की पुढे बोलायचं, आणि मग पालकांबरोबर फी, आर्थिक मदत, मेजर (मुख्य विषय) यांवर तासभर. मराठी घरात वाढलेल्या मुलीला ही दुसरी भाषा उपजत येते. मार्कांवर कसं बोलायचं ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पगार दोन्हीकडे असा की आयटीतल्या चुलतभावासमोर आकडा काढू नये. त्यापेक्षा त्याच्या आजूबाजूचं बघा: करार बारा महिन्यांचा की दहा, आरोग्यविमा आहे का, राहायला कॅम्पसवर खोली आहे का, मास्टर्सची फी माफ होते का. छोट्या कॉलेजात पगार तोकडा असला तरी राहणं-जेवण आणि डिग्री मिळून तो कधीकधी भरून निघतो. उन्हाळी कॅम्पची कमाई कुणाच्या खिशात जाते, हेही विचारा. लाजू नका.

नोकरीची शाश्वती? डिव्हिजन वनमध्ये हेड कोच गेला की नवा आपली माणसं घेऊन येतो. मी होते तिथे सीझन संपल्यावर हेड कोचला काढलं आणि महिन्याभरात आम्हा तिघांनाही निरोप मिळाला. त्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीने खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट उघडली. तो ओघ मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो, आणि तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत मुलींच्या सॉकरची टीम २८ जणींपुरती मर्यादित झाली. ॲथलेटिक डायरेक्टर कात्री घेऊन बसलाच, तर तिसरा असिस्टंट त्याच्या हाताजवळ असतो. डिव्हिजन थ्रीत हे वारं जवळपास पोचतच नाही.

मग डिव्हिजन वनला जायचंच कशाला? शिडीसाठी. मार्गरीट आओझासा स्टॅनफर्डला असिस्टंट होत्या, तिथून यूसीएलएच्या हेड कोच झाल्या आणि पहिल्याच सीझनला, २०२२ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद घेऊन आल्या. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत हेड कोच ॲन्सन डोरन्स ऑगस्ट २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा टीम त्यांचे असिस्टंट डेमन नाहास यांच्याकडे आली. डिसेंबरमध्ये त्यांनी वेक फॉरेस्टला १-० हरवून युनिव्हर्सिटीचं बाविसावं एनसीएए विजेतेपद जिंकलं. मोठ्या खुर्च्या अशा शेजारच्या खुर्चीवरून भरल्या जातात. डिव्हिजन थ्रीतून थेट तिथे उडी क्वचितच. बाईमाणसाने तर हे लक्षात ठेवावंच. १९७२ मध्ये टायटल नाइन हा शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा आला तेव्हा मुलींच्या कॉलेज टीमच्या कोच नव्वद टक्क्यांहून अधिक बायकाच होत्या. पैसा आणि मान वाढला, तसे तिथे पुरुष येत गेले. आज निम्म्याहूनही कमी जागा बायकांकडे आहेत.

आमची मुलगी अमेरिकन नागरिक आहे, म्हणून व्हिसाचा प्रश्न नाही. भारतातून मास्टर्सला येऊन या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्यांनी मात्र तो पहिला विचारावा. ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष भुर्रकन जातं. युनिव्हर्सिटीला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत उतरावं लागत नाही ही मोठी सोय, पण असिस्टंट कोचसाठी एचआर तेवढा खटाटोप करेल का, हे ऑफर घ्यायच्या आधी कळायला हवं.

माझं मत विचाराल, तर तिच्यासाठी मी पेनसिल्व्हेनिया म्हणेन. दोन वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि त्या काळात कोचिंगचं पुढचं लायसन्स पदरात पाडून घ्यायचं. तिच्या वयात रोज मैदानावर शिट्टी हातात असणं मला जास्त मोलाचं वाटतं. मिडवेस्टचा हेड कोच तिला निदान एक विभाग, समजा डिफेन्स, पूर्ण सोपवणार असेल तर मी मत बदलेन. तेही ‘बघू’ म्हणून नको, लेखी.

काल रात्री तिला एकच काम दिलं. दोन्ही ठिकाणी तिच्या आधी त्या जागेवर कोण होती ते शोधून त्या दोघींना फोन करायचा. त्यातल्या एकीने अजून उचललेला नाही. दुसरी पाऊण तास बोलली आणि शेवटी म्हणाली, कॉलेजची व्हॅन चालवायची परीक्षा ऑगस्टच्या आधी देऊन टाक.