जुन्या गाडीची टाकी: आतून कोटिंग, की नुसती साफसफाई?

जुनी फियाट किंवा ॲम्बॅसेडर उभी करायला घेतली की सोलापुरात पहिला सल्ला मिळतो, "पेट्रोलच्या टाकीला गंज लागू नये म्हणून आतून कोटिंग मारून घ्या." माझं मत वेगळं आहे. टाकी गळत नसेल आणि गाडी दर आठवड्याला रस्त्यावर निघणार असेल, तर कोटिंगच्या फंदात पडू नका. टाकी नीट साफ करा, भरलेली ठेवा, कार्ब्युरेटरच्या आधी चांगला फिल्टर बसवा. एकदा चढवलेलं बहुतेक कोटिंग काढायचं म्हणजे टाकीच्या जिवावर उठणं.

आधी टाकी उतरवा, रिकामी करून मोकळ्या हवेत वारा लागू द्या आणि तोंडातून एलईडी टॉर्च मारून बघा. वरच्या भागात मळकट करडा थर दिसला, तर तो बहुधा कारखान्यातला शिसं-कथलाचा मुलामा असतो. त्या काळच्या अनेक टाक्यांचा पत्रा तसाच यायचा. तो शाबूत असेल तर त्याच्यावर दुसरं काही हवं कशाला? हार्डवेअरच्या दुकानातलं फरशी धुण्याचं ॲसिड मात्र टाकीत कुणालाही ओतू देऊ नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि गंजाने बुजलेली बारीक भोकं उघडी पाडतं.

गंज काढायला फॉस्फरिक ॲसिड बरं. ते लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर सोडतं आणि पुढचं कोटिंग त्यावर धरून बसतं. दुसरा मार्ग विजेने गंज सोडवण्याचा: धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर. आपल्याकडे डाइंगवाल्यांमुळे सोडा सहज मिळतो. चार्जरची ऋण वायर टाकीला, धन वायर आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला. सळई टाकीला टेकता कामा नये. स्टेनलेस स्टीलची सळई नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच, ठिणगीपासून लांब.

आता कोटिंग कधी? पत्र्याला बारीक भोकं असतील किंवा गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तेव्हा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. तिथूनच टाकी सडते. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, त्यामुळे डब्यावर 'इथेनॉलला टिकतं' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते कोटिंग घेऊच नका.

मुख्य निवड दोन प्रकारांत. पीओआर-१५ सारखं एकाच डब्यातलं युरेथेन हवेतल्या ओलाव्यावर कडक होतं. मिसळायची भानगड नाही, ओतायला सोपं. पण एप्रिलच्या आपल्या कोरड्या हवेत ते रेंगाळतं, म्हणून टाकीची सगळी तोंडं उघडी ठेवून पेट्रोल भरण्याआधी चार दिवस तरी द्या. दुसरं दोन भागांचं नोव्होलॅक इपॉक्सी. इथेनॉलपुढे माझा जास्त भरवसा याच्यावर आणि बारीक भोकंही ते बुजवतं. अडचण सोलापूरच्या उन्हाची: तापमान १० अंशांनी वाढलं की मिसळलेलं इपॉक्सी घट्ट होण्याआधी हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल, तर ४० अंशांना दहा-बारा मिनिटंच. तेवढ्यात टाकी सगळ्या बाजूंनी फिरवून जास्तीचं ओतून काढायचं, नाहीतर कोपऱ्यात ढेकूळ बसतं आणि पेट्रोलची नळी बुजते. म्हणून इपॉक्सी डिसेंबर-जानेवारीत करा, किंवा उन्हाळ्यात पहाटे.

रेड-कोट सारखं लाल लायनर (टाकीच्या आतलं कोटिंग) ॲसिटोनने विरघळवता येतं. पुन्हा टाकी उघडायची शक्यता असेल तर तेच घ्या.

बाहेरून आणि चॅसीच्या भागांना पावडर कोटिंग की इपॉक्सी प्रायमरवर पीयू (पॉलियुरेथेन) रंग? ब्रॅकेट, स्टँड, रिम यांना पावडर छान. दगड लागला तरी पटकन उडत नाही. पण ते १८० ते २०० अंशांना भाजतात आणि शिसं-कथलाचा डाख त्याच सुमारास वितळतो. डाख दिलेली किंवा आतून लायनर केलेली टाकी त्या भट्टीत घालूच नका. शिवाय पावडरला एकदा चीर पडली की पाणी आतल्या आत सरकतं आणि वरून काही कळत नाही. टाकीला आणि चॅसीला माझं मत इपॉक्सी-पीयूला, कारण खरचटलं तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. नुसत्या इपॉक्सीवर थांबू नका, आपल्या उन्हात त्याचा वरचा थर भुकटी होऊन सुटतो. नुसत्या रेड ऑक्साइडवरही नको. त्यातून ओल झिरपते.

क्रमही पाळा. लायनर आधी, बाहेरचा रंग नंतर. तोंडातून सांडलेलं कोटिंग नव्या रंगावरून निघत नाही. आणि गळकी टाकी कुणी वेल्डिंगला न्यायला निघालं, तर आधी थांबवा. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.