ट्रिप्लिकेनचं मॅन्शन: सेकंड शो सुटल्यावरही दार उघडं

चेन्नईत नोकरी लागली की मुंबई-पुण्याची मुलं आधी ओएमआरवर, म्हणजे आयटी कंपन्यांच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, पीजी शोधायला लागतात. आयटीवाल्यांचं ठीक आहे, त्यांची ऑफिसं तिकडेच. पण ज्यांचं काम माउंट रोड, एग्मोर, पॅरीज कॉर्नर, रिची स्ट्रीट या पट्ट्यात आहे त्यांनी ट्रिप्लिकेनची मॅन्शनं, म्हणजे नोकरदार पुरुषांना महिन्याच्या भाड्याने खोल्या देणाऱ्या इमारती, बघाव्यात, आणि सिनेमाची आवड असेल तर दुसरीकडे बघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी राहतो त्या मॅन्शनचं नाव देत नाही. इथली बरीचशी एकाच साच्यातली आहेत, त्यामुळे एकाबद्दल लिहिलेलं इतरांनाही बऱ्यापैकी लागू पडतं.

मी धारावीत वाढलो. घरात तमिळ, शाळेत मराठी. अप्पा तिरुनेलवेलीकडून आलेले, चामड्याच्या पट्ट्यांच्या कारखान्यात कामाला. आता मी रिची स्ट्रीटवर एका होलसेल दुकानात स्टॉक बघतो. कॅमेरे, डीव्हीआर, केबलची बंडलं, कुठला माल आला, कुठला गेला. रात्री साडेआठला शटर पडतं आणि रविवारी सुट्टी. थोडक्यात, शनिवारची रात्र माझी.

खोलीबद्दल आधी सांगतो, कारण लोक तेच आधी विचारतात. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, दारांवर रंगाने लिहिलेले नंबर. गिरगावातल्या चाळीत फक्त पुरुषच राहायला लागले तर जसं दिसेल तसं. आत दोन लोखंडी खाटा, एक पंखा, भिंतीतलं कपाट, खिळ्याला टांगलेला आरसा. खिडकी उघडते ती डक्टमध्ये, त्यामुळे उजेड बेताचा. दोघांत मिळून खोली, माझ्या वाट्याला महिन्याला साडेचार हजार, विजेचे पैसे वेगळे. अॅडव्हान्स दोन महिन्यांचा. चेन्नईत फ्लॅट घ्यायला गेलात तर घरमालक आजही सहा-सहा, दहा-दहा महिन्यांचं भाडं अॅडव्हान्स मागतात, त्या हिशेबाने हे नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाला झेपणारं आहे. माझे रूममेट विळुप्पुरमचे, एका ऑडिटरच्या ऑफिसात आहेत. मी त्यांना अण्णा म्हणतो. रोज रात्री उद्याचा शर्ट घडी घालून गादीखाली ठेवतात, सकाळी इस्त्री केल्यासारखा निघतो.

संडास-बाथरूम मजल्याला सामाईक. सकाळी साडेसात ते नऊ रांग असते, हातात बादली आणि खांद्यावर टॉवेल घेतलेली. पाणी बोअरचं, खारट. साबणाला फेस येत नाही आणि महिन्याभरात केस राठ होतात. प्यायला वीस लिटरचा कॅन विकत घ्यायचा, तो सगळं चेन्नईच घेतं. इथले जुने लोक 2019 च्या उन्हाळ्याची आठवण अजून काढतात. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम, शहराला पाणी देणारे चारही तलाव तेव्हा जवळजवळ कोरडे पडले होते. टँकर आला की पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत सगळे बादल्या घेऊन खाली, मालकापासून पोऱ्यापर्यंत. त्यामुळे इथे नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्याला कोणीही, अगदी अनोळखी माणूससुद्धा, टोकतो. मला ते आवडतं.

जेवणाची चिंता नाही, हा ट्रिप्लिकेनचा मोठा फायदा. मेसमध्ये केळीच्या पानावर सांबार, वत्तकुळंबू (चिंचेची आमटी), रसम, पोरियल (सुकी भाजी), अप्पळम (पापड), शेवटी ताक, आणि भात मागाल तितका. महिनाअखेरीला खिसा हलका झाला की अम्मा उणवगम. 2013 मध्ये सुरू झालेली ही महापालिकेची उपाहारगृहं, एक रुपयाला इडली आणि पाच रुपयांना सांबार भात या दराने गाजलेली. रविवारी सकाळी मात्र रत्ना कॅफे. तिथे सांबार वाटीत देत नाहीत, जगने इडलीवर ओततात आणि इडली बुडेपर्यंत थांबत नाहीत. मुंबईहून कोणी आलं की मी आधी तिथेच नेतो. पार्थसारथी मंदिराचा रस्ता, वालाजा मशीद, बिर्याणीची दुकानं, सुब्रमण्य भारती शेवटी राहिले ते घर, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. चेपॉकवर मॅच असली की विकेट पडल्याचा आवाज आधी गच्चीवर ऐकू येतो, मोबाइलवर चेंडू नंतर दिसतो.

आता मुद्द्याचं.

आधी मी ओएमआरवरच्या एका पीजीत होतो. खोली स्वच्छ, वायफाय, वॉशिंग मशीन, सगळं होतं. फाटक साडेदहाला बंद. एकदा सिनेमा बघून परतलो तर वॉचमनने मालकाला फोन लावला, मालकाने उचलला नाही आणि मी पहाटेपर्यंत बस स्टॉपवर बसून राहिलो. नोकरी करणाऱ्या, स्वतःचं भाडं भरणाऱ्या माणसाला संध्याकाळी सहाच्या शोवरच समाधान मान म्हणणं मला पटत नाही. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याला सहाचा शो मिळतो कधी? त्याच्यासाठी सेकंड शोच असतो, रात्री दहाचा.

मॅन्शनमध्ये फाटक रात्रभर उघडं असतं. खाली खुर्चीवर वॉचमन ताता (तमिळमध्ये आजोबा) बसलेले असतात, तोंड ओळखीचं असलं की झालं. इथे प्रेसवाले, हॉटेलातले, हॉस्पिटलचे अटेंडंट असे पाळीवर काम करणारे लोक राहतात, त्यामुळे कोणी कधी यावं याला नियम लावून चालणारच नाही. सिनेमावाल्यांची त्यात सोय होते.

शनिवारी दुकानातून सुटलो की खोलीवर अंघोळ, मेसमध्ये डोसा, आणि नऊ-सव्वानऊला चालायला सुरुवात. वालाजा रोडने अण्णा सालैवर, म्हणजे माउंट रोडवरच, आलं की देवी. 1970 पासूनचं, एकाच इमारतीत चार पडदे. देवी पॅरडाइजला वर जायला जिना नाही, गोल फिरत जाणारा उतार आहे. गर्दीच्या दिवशी त्या उतारावरून सगळं पब्लिक वर सरकताना शिट्ट्या सुरू होतात, सिनेमा तिथूनच चालू झालेला असतो. इंग्रजी सिनेमा असेल तर कॅसिनो, रिची स्ट्रीटपासून जवळ, तेव्हा मी दुकानातून परस्पर जातो. रोयापेट्टाचं सत्यम जरा लांब, पण पॉपकॉर्नवर हवा तो मसाला आपल्या हाताने भुरभुरवायला मिळतो म्हणून अण्णा तिथे चालत यायला तयार असतात.

आणि हे परवडतं. तमिळनाडूत तिकिटाच्या दरावर सरकारची मर्यादा आहे. 2017 मध्ये मल्टिप्लेक्ससाठी कमाल 150 रुपये आणि वर कर असं ठरलं. मुंबईतला माझा भाऊ शनिवारी रात्रीच्या तिकिटाला जे मोजतो ते ऐकून अण्णांना खरंच वाटत नाही. आठवड्याला एक सिनेमा ही माझ्या पगारात चैन होत नाही, ती याच्यामुळे. काउंटरवर काढा, ॲपचं वरचं शुल्कही वाचतं.

पहाटेचे शो आता नाहीत, हे नव्याने येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. 2023 च्या पोंगलला मोठ्या हिरोंचे सिनेमे रात्री एकला आणि पहाटे चारला लागले होते. त्या जल्लोषात कोयंबेडूला एक तरुण चाहता लॉरीवरून पडून गेला. त्यानंतर अशा शोंना परवानगी देणं थांबलं आणि पहिला शो सकाळी नऊचा झाला. मला हे योग्य वाटतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने हिरोसाठी जीव गमावावा इतकं कुठलंच पोस्टर मोठं नसतं.

तिसऱ्या मजल्यावर एक मामा राहतात. छापखान्यातून निवृत्त झाले, गावी घर आहे, तरी इथेच असतात. माउंट रोडवर कुठे कुठलं थिएटर होतं हे त्यांना पाठ आहे. आता नसलेलं सफायर, 1964 चं, एका आवारात तीन थिएटरं. त्यातल्या ब्लू डायमंडमध्ये सिनेमा सलग चालायचा, एकदा तिकीट काढून आत गेलं की उठवायचे नाहीत. मे महिन्यात, अग्निनक्षत्रात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, मामा आणि त्यांचे सोबती दुपारी आत शिरायचे ते ऊन उतरल्यावरच बाहेर. शांती 2016 मध्ये बंद झालं, त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत. त्यांनीच मला अण्णा सालैच्या पोस्ट ऑफिसच्या आवारातली जुनी इमारत दाखवली. ते 1913 मधलं इलेक्ट्रिक थिएटर, चेन्नईच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमाघरांपैकी एक. आता तिथे टपाल तिकिटांच्या संग्राहकांचं काम चालतं. मी त्या पोस्टात दुकानाची पार्सलं घेऊन कितीदा गेलो असेन, पण कोणी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. पीजीत असा माणूस शेजारी मिळत नाही.

मागच्या वर्षी अप्पा आले. पाहुण्याला एक रात्र ठेवायला मॅनेजर परवानगी देतात. रजिस्टरमध्ये नाव, आधारची झेरॉक्स आणि दोनशे रुपये. अप्पा माझ्या खाटेवर, मी खाली चटईवर.

लहानपणी अप्पा मला माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या अरोरा थिएटरात न्यायचे. धारावी, अँटॉप हिल, सायन-कोळीवाडा, सगळीकडचे तमिळ तिथे यायचे. अम्मा स्टीलच्या डब्यात मुरुक्कू द्यायची. हिरो पडद्यावर आला की अप्पा उभे राहायचे, दोन्ही बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे, आणि मी त्यांच्या लुंगीचं टोक धरून ठेवायचो. सिनेमा सुटला, बाहेर पडलो, की अप्पा एकदम गप्प होत. बसच्या कंडक्टरशी तुटक हिंदी, बाकी काही नाही. घरी पोचल्यावर पुन्हा बोलायला लागत.

देवीला त्यांना सेकंड शोला नेलं. वय झालंय, उभे राहिले नाहीत, पण शिट्टी मारली. एक वाजता बाहेर आलो. कोपऱ्यावर सायकलला स्टीलचा पिंप बांधलेला चहावाला होता. अप्पांनी त्याला ग्लास भरायला सांगितला आणि मोठ्याने सुरू झाले, इंटरव्हलच्या आधीची मारामारी कशी जमली होती आणि शेवट कसा लांबवला. चहावाला म्हणाला, "अय्या, त्या बहिणीला मारायलाच नको होतं." शेजारी बाइकवर बसलेल्या दोन पोरांनी त्याला विरोध केला. अप्पांनी पोरांची बाजू घेतली. वाद रंगला, दुसरा ग्लास झाला. अप्पा रस्त्यात, अनोळखी माणसांत, पूर्ण आवाजात तमिळ बोलत होते आणि मला त्यांना थांबवावंसं वाटत नव्हतं. मॅन्शनवर पोचलो तर ताता जागे. त्यांनी अप्पांना विचारलं, "सिनेमा कसा होता?" झालं, पुन्हा पायरीवर बसकण.

त्या एका रात्रीसाठी मी खाऱ्या पाण्याला पूर्ण माफ करायला तयार आहे. तुम्ही मात्र बाकीचंही ऐकून घ्या.

बायकांना वर यायला मनाई आहे. अम्मा सोबत आली असती तर तिला तांबरमला नातेवाइकांकडे ठेवावं लागलं असतं. आईला आपण राहतो ती खोली दाखवता येत नाही, हे मला खुपतं. आणि नोकरी करणाऱ्या मुलीला सेकंड शो बघून परतायला असं उघडं दार या शहरात कुठे आहे? बायकांच्या हॉस्टेलांची फाटकं पीजीपेक्षाही आधी लागतात. माझ्या दुकानातली बिलिंगची मुलगी सिनेमाची माझ्याइतकीच वेडी, पण ती फक्त रविवारची मॅटिनी बघू शकते. यावर कोणीतरी काही करायला हवं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर खोली घेऊ नका, विशेषतः पत्र्याखालची. एप्रिलपासून रात्री दोनपर्यंत भिंती गरम असतात. ढेकूण आहेत, गादी आपली आणा आणि महिन्यातून एकदा खाट गच्चीवर उन्हात टाका. घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला हे जमणार नाही, टेबल मांडायला जागा नाही आणि मोबाइलची रेंज आतल्या खोल्यांत मार खाते. याआधी मी ज्या मॅन्शनमध्ये होतो तिथे अॅडव्हान्समधून "पेंटिंग" म्हणून एका महिन्याचं भाडं कापून घेतलं, भिंतीला मात्र कोणी ब्रश लावलेला मी पाहिला नाही. तेव्हा पैसे देताना पावती घ्या आणि काय कापणार ते त्यावर लिहून घ्या. मॅनेजर कुरकुर करतात, पण लिहून देतात.

खोली बघायला संध्याकाळी जाऊ नका. संध्याकाळी सगळी मॅन्शनं चांगली दिसतात. कामाच्या दिवशी सकाळी आठला जा, बाथरूमच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते विचारा, आणि रात्री फाटकाला कुलूप लागतं का हेही त्यालाच विचारा, मॅनेजरला नाही. महिन्याच्या पहिल्या तीन-चार दिवसांत खोल्या रिकाम्या होतात. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची, बोळाच्या टोकाची मिळाली तर तिथल्या तिथे पैसे देऊन टाका.