समोरचा वकील अंगावर येणारा असेल तर : आमच्या वकील मॅडमचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, नाव देणार नाही. बार कौन्सिलच्या (वकिलांवर नियमन करणारी संस्था) नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि मॅडमच म्हणाल्या की लिहायचं तर लिहा पण माझं नाव कुठे टाकू नका. कोर्ट सातारा जिल्ह्यातलं, दावा माझ्या आईचा तिच्या सख्ख्या भावांविरुद्ध, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा, २०२२ ला दाखल केलेला. पाचपैकी चार स्टार देतोय. निकाल अजून यायचाय, त्यामुळे हे स्टार जिंकण्या-हरण्याचे नाहीत. समोर जो वकील होता त्याला त्यांनी ज्या पद्धतीनं हाताळलं त्याचे आहेत.

समोरचे वकील सीनियर, तालुक्यात नाव असलेले, आवाज असा की शेजारच्या कोर्टातला पट्टेवाला डोकावून जाईल. आणि त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, त्यांची केस कागदावर पातळ होती. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्माच्या केसमध्ये हेही क्लिअर केलं की २००५ मध्ये वडील हयात असायला पाहिजेत असं काही नाही. त्यामुळे मामांकडे एकच आधार उरला, की आजोबांनी १९९४ लाच तोंडी वाटप करून दिलं होतं. आता त्याच निकालात असंही म्हटलंय की नुसतं तोंडी वाटप सहजासहजी मानायचं नाही, सरकारी कागदांचा आधार पाहिजे. आणि आमच्याकडे आजोबा गेल्यानंतरचा १९९८ चा फेरफार (जमिनीच्या नावातल्या बदलाची सरकारी नोंद), त्यात सगळी जमीन आजोबांच्या एकट्याच्या नावावरून वारसांकडे आलेली, आईचं नाव नेहमीप्रमाणे 'इतर हक्कात' ढकललेलं. ९४ ला वाटप झालं असतं तर ९८ ला जमीन आजोबांच्या नावावर काय करत होती? याला उत्तर नाही, मग उरतो तो आवाज.

पहिला प्रकार दावा दाखल झाल्या झाल्या. समोरच्या वकिलांनी थेट आईलाच फोन लावला. "मावशी, कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढताय या वयात, हक्कसोडपत्रावर सही करा, भाऊबीज तरी चालू राहील." आई दोन दिवस जेवली नाही. दादा म्हणाला यांची वकिलीची सनदच रद्द करायला लावू. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे बार कौन्सिलच्या नियम ३४ मध्ये बसत नाही, ज्या पक्षकाराला वकील आहे त्याच्याशी समोरच्या वकिलानं केसबद्दल थेट बोलायचंच नसतं, जे काय ते वकिलामार्फत. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, तो हक्क तुमचा आहे, पण दाव्यात दबाव टाकायला म्हणून मी ती धमकी वापरणार नाही, करायची तर खरंच करा. आणि मग त्यांनी समोरच्यांना पत्र पाठवलं, अवघं चार ओळींचं. अमुक तारखेला अमुक वाजता आपण माझ्या अशिलांना फोन केलात, यापुढे या दाव्याबाबत जे बोलायचं ते कृपया माझ्याशी बोलावं, तडजोडीचा प्रस्ताव असेल तर तो लेखी द्यावा, मी अशिलांपुढे ठेवेन. बास. ना नियमाचा नंबर ना सनदेचा उल्लेख. दादाला ते फारच मिळमिळीत वाटलं, पण फोन बंद झाले हे खरं. आईला वेगळी सूचना दिली होती की पुन्हा आला तर माझ्या वकिलांशी बोला एवढंच म्हणायचं, ठेवून द्यायचा आणि तारीख-वेळ वहीत लिहायची. ती वही अजून देव्हाऱ्याखालच्या खणात आहे.

कैफियतीचं, म्हणजे दाव्याला समोरच्यांनी द्यायच्या लेखी उत्तराचं, प्रकरण तर लिहिलंच पाहिजे. समन्स लागल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते, कोर्ट फार तर ९० पर्यंत वाढवून देतं. त्यांनी तेही उलटवलं. मॅडमनी अर्ज देऊन 'नो डब्ल्यूएस'ची, म्हणजे कैफियतीशिवाय दावा पुढे चालवायची, ऑर्डर घेतली, आम्ही घरी पेढे आणायच्या बेतात. तर पुढच्या तारखेला ऑर्डर रद्द करायचा अर्ज घेऊन समोरचे हजर, आणि मॅडमनी त्यावर 'से' (लेखी म्हणणं) काय दिला तर कोर्टाला योग्य वाटेल ती कॉस्ट (आम्हाला द्यायची खर्चाची रक्कम) लावून परवानगी द्यावी. दादा बाहेर आल्यावर भडकलाच. त्यांनी व्हरांड्यातच समजावलं की साध्या दिवाणी दाव्यात ही मुदत सुप्रीम कोर्टानंच लवचिक मानलीय, मी आज भांडून अर्ज नामंजूर करून घेतला असता तर ते वर गेले असते, तिथे वर्ष गेलं असतं आणि शेवटी कैफियत आलीच असती, तुमच्या आईचं वय काय आहे? कॉस्ट मिळाली, कैफियत आली, केस पुढे सरकली. ज्यांना वकिलानं प्रत्येक अर्जावर कडाकडा भांडायला पाहिजे असं वाटतं त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा आणि मग ठरवा.

त्या कैफियतीत आईबद्दल काय काय लिहिलं होतं ते इथे लिहित नाही. लोभी, सासरच्यांच्या नादी लागलेली, वगैरे, आणि एक वाक्य तर माझ्या दिवंगत वडिलांवर. आम्ही मॅडमना म्हटलं आपणही मामांचं सगळं काढू, आमच्याकडेही बरंच आहे. त्या म्हणाल्या काढा, माझ्यासमोर काढा, मी ऐकते. तासभर ऐकलं खरंच. मग वादमुद्दे, म्हणजे कोर्टाला ज्यांवर निकाल द्यायचाय ते प्रश्न, काय निघतील ते एका कागदावर लिहिले आणि विचारलं, तुम्ही सांगितलेल्यातलं कुठलं कुठल्या मुद्द्याला लागतं? जमीन वडिलोपार्जित आहे का, ९४ ला वाटप झालं का, आईचा हिस्सा किती. मामांच्या उसन्या पैशांचं आणि लग्नातल्या भांडणाचं काहीच कुठे बसेना. त्यांनी एक वाक्य तेव्हा सांगितलं, की वकील म्हणजे अशिलाचा नुसता भोंगा नसतो, हे आमच्या नियमांतच लिहिलंय, आणि अर्जात असभ्य भाषा टाळायची हेही. समोरचे पाळत नाहीत तो त्यांचा प्रश्न.

मुदतींचा, म्हणजे तारीख पुढे ढकलून घेण्याचा, खेळ मात्र लांबला. दर दोन-तीन तारखांना ज्युनियर उभा, साहेब मुंबईला हायकोर्टात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा तिकडे गेलं, तर पुढच्याच तारखेला 'साहेब कोल्हापूरला आहेत'. म्हणजे बेंच जवळ आलं, साहेब नाही आले. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १७ मध्ये सरळ लिहिलंय की वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलाय हे मुदतीचं कारण होऊ शकत नाही, आणि सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत. प्रत्यक्षात कोर्टाला कारण पटलं तर मिळतात, हे सगळ्यांनाच माहितीय. मॅडमची पद्धत अशी, की प्रत्येक मुदतीच्या अर्जावर आधीच्या सगळ्या मुदतींच्या तारखा आणि तेव्हा दिलेली कारणं दोन ओळींत लिहायची आणि खाली सही. आवाज नाही, टोमणा नाही. ती यादी वाढत गेली आणि एक दिवस जज साहेबांनी ती स्वतःच वाचून दाखवली, त्या दिवशी मोठी कॉस्ट बसली आणि शेवटची संधी असा शेरा पडला.

पण याच बाईंनी समोरच्या वकिलांचे वडील वारले तेव्हा मुदतीच्या अर्जावर स्वतःहून 'हरकत नाही' लिहून दिलं. अंत्यविधीलाही गेल्या असं नंतर कळलं. दादा पुन्हा वैतागला (दादाचं नाव फार वेळा येतंय पण आमच्या घरात वैतागायचं खातं त्याच्याकडेच आहे). त्यानंतर महिन्याभरात मॅडमनी आजोबांचं १९९६ चं आईला आलेलं पत्र कबूल करण्याची नोटीस दिली, त्यात आजोबांनी 'जमीन सगळ्यांची एकत्रच आहे' असं स्वतःच्या हातानं लिहिलंय. समोरच्या वकिलांनी अक्षर आणि सही मान्य केली. नाहीतर हस्ताक्षर तज्ज्ञ, त्याची फी, त्याची उलटतपासणी, सगळं आलं असतं. एकामुळेच दुसरं झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण ज्या माणसानं तोवर सात-बाऱ्याची नक्कलसुद्धा नाकबूल केली होती त्यानं हे मान्य केलं.

आता उलटतपास. यासाठी तरी मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो. आई साक्षीला उभी, वय ६८, हातात रुमाल. सुरुवातीचे प्रश्न ठीक होते. मग समोरच्यांनी विचारलं, "तुमचे यजमान दारू पीत असत आणि सासरी तुम्हाला कोणी विचारत नव्हतं म्हणून माहेरच्या जमिनीवर डोळा ठेवला, बरोबर?" आईनं आमच्याकडे बघितलं. मॅडम उभ्या राहिल्या, आवाज नेहमीचाच, म्हणाल्या, हा प्रश्न कुठल्याच वादमुद्द्याशी संबंधित नाही आणि अपमान करण्याच्या हेतूनं आहे, पुरावा कायदा कलम १५२ खाली माझी हरकत आहे. (दावा २०२२ चा असल्यामुळे आमच्याकडे जुनाच कायदा चालतो, नवीन साक्ष अधिनियमात हेच कलम १५५ आहे.) समोरचे वळले, "अहो ताई, तुम्ही अजून लहान आहात, उलटतपास कसा असतो ते शिका जरा." मागे दोघं-तिघं हसले. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जज साहेबांना म्हणाल्या, माझी विनंती एवढीच की विद्वान वकिलांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, जसाच्या तसा, प्रश्नोत्तर स्वरूपात नोंदवून घ्यावा आणि खाली माझी हरकतही.

टायपिस्टनं बोटं की-बोर्डवर ठेवली, समोरच्यांकडे बघितलं. एरवी साक्षीत फक्त उत्तराचा सारांश जातो, प्रश्न कुठे दिसत नाही. इथे तो प्रश्न त्यांच्या नावासकट कायमचा रेकॉर्डवर जाणार होता, उद्या अपिलात वरचे जज वाचणार. दोन क्षण गेले. "प्रश्न मागे घेतो." पुढचा प्रश्न थेट फेरफारावर. नंतरही एकदा घसरले, मॅडम नुसत्या अर्ध्या उठल्या, म्हणजे खुर्चीतून पुढे झाल्या बास, आणि त्यांनी स्वतःच वाक्य बदललं.

संध्याकाळी गाडीत आई म्हणाली, त्या बाईला कोणी शिकवलं गं असं? गाडीत सगळे पुरुषच होतो, पण ठीक आहे.

आणखी एक काम जे ओरडणाऱ्या वकिलांच्या गोंधळात राहून गेलं असतं. आपल्या महाराष्ट्रात नुसता दावा चालू असून भागत नाही, दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, लिस पेन्डन्स म्हणतात, तरच मधल्या काळातल्या खरेदीदाराला ती बांधते. मॅडमनी ती दाव्यासोबतच करून घेतली. पुढे मामांनी एक तुकडा विकायला काढला तर गिऱ्हाईकानं सर्च काढला (निबंधकाकडच्या नोंदी तपासल्या) आणि परत गेलं.

आता एक स्टार का कापला. फोन उचलत नाहीत. म्हणजे कोर्टाच्या वेळेत नाही हे समजू शकतो, पण संध्याकाळीही नाही, मेसेजला दोन दिवसांनी 'नोटेड' येतं. तारीख काय पडली ते आम्ही ई-कोर्ट्सच्या अॅपवर सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकून बघायचो, ऑफिसमधून कधी कळलं नाही. दुसरं म्हणजे आईला उलटतपासाची तयारी करून दिली ती कागदांची. असले घाण प्रश्न येऊ शकतात हे आदल्या दिवशी सांगायला हवं होतं, ती हादरली ते हादरलीच. समोरच्या वकिलांचा स्वभाव त्यांना माहीत होता, मग सांगायला काय हरकत होती. आणि पहिल्या वर्षात मुदती जरा जास्तच सोडल्या असं माझं मत आहे, ती यादी लिहायची पद्धत पहिल्यापासून हवी होती. बाररूममध्ये समोरच्यांबरोबर चहा पितात यावर नातेवाईक बरंच बोलतात, त्याचं मला काही वाटत नाही, पण अशिलाला आधी सांगून ठेवलं तर घरातला अर्धा संशय वाचेल.

फी टप्प्याटप्प्यानं घेतात, दाखल करताना, पुराव्याच्या वेळी आणि युक्तिवादाला, पावती मागितली की देतात, न मागता नाही. टायपिंग, झेरॉक्स, नकलांचा खर्च वेगळा. ज्याला समोरच्याला कोर्टात चार शब्द ऐकवणारा वकील पाहिजे त्यानं इथे जाऊ नये, पैसे वाया गेल्यासारखे वाटतील. बाकीच्यांनी शनिवारी दुपारी जा, आधी ज्युनियरला मेसेज टाका, फेरफार जुन्यापासून नव्याकडे लावून न्या, आणि घरातल्या वैतागणाऱ्या माणसाला बरोबर न्याच, त्याचं त्या ऐकून घेतात.