पुण्यात टीव्ही कनेक्शन घेताय? डिश, केबल की फायबर, कोण कधी दगा देतं ते आधी बघा

नवीन घरी टीव्हीचं काय करायचं म्हटलं की सगळे चॅनल किती आणि महिन्याला किती एवढंच विचारतात. माझ्या मते आधी हे विचारावं की बंद पडलं तर कशामुळे पडेल आणि तेव्हा आपल्या हातात काय असेल, कारण बंद तर सगळंच पडतं.

अँटेनाचं आधी निकालात काढू, घरातली ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात म्हणून. सिंहगडावरच्या टॉवरवरून यायचं ते दूरदर्शन अ‍ॅनालॉग होतं आणि सीमाभागातले वगैरे थोडे सोडून देशभरातले अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद झाले. २०१६ ला अँटेनावरच डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं त्या पहिल्या १६ शहरांत मुंबई आणि औरंगाबाद होतं, पुणे नव्हतं. त्यामुळे गच्चीवरचा जुना सांगाडा भंगारात गेला तरी चालेल. आणि एक लक्षात ठेवा, अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या पण बातम्या ऐकू यायच्या, डिजिटलमध्ये तसं नाही, चित्र छान दिसत असतं आणि अचानक चौकोन चौकोन होऊन अडकतं. खाली जे काही सांगतोय त्या सगळ्याला हे लागू आहे.

आता डिश. दूरदर्शनची डीडी फ्री डिश २००४ पासून आहे, महिन्याचा खर्च शून्य, एकदा डिश आणि बॉक्स घेतला की झालं. बाकीचे पैसेवाले डीटीएच (म्हणजे सॅटेलाइटवरून थेट घरच्या डिशवर) पण तंत्राने तेच, फक्त सॅटेलाइट सहसा वेगळे. पुण्यातून बघायचं तर फ्री डिशचा सॅटेलाइट ९३.५ अंश पूर्वेला आहे म्हणजे डिशचं तोंड साधारण आग्नेयेला, आणि बऱ्यापैकी वर. म्हणून फ्लॅटची बाल्कनी पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल तर विषय संपला, सोसायटीच्या गच्चीवर जागा मागावी लागणार आणि मग सेक्रेटरीकाकांची परवानगी वगैरे वगैरे. काही कंपन्यांचा सॅटेलाइट याहून पूर्वेला आहे, तिथे डिश अजून खाली झुकते आणि शेजारी नवीन बारा मजली उभी राहिली की ती बरोबर मध्ये येते, बाणेर-वाकडला हे धरूनच चाला.

पावसाचं लोक उगाच सरसकट सांगतात. जुलैची आपली पुणेरी रिपरिप दिवसभर चालली तरी डिशला फारसा फरक पडत नाही, घालवतो तो मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, धो धो कोसळतो तेव्हा पाच-दहा मिनिटं स्क्रीन काळी आणि मग आपोआप परत. ते चालायचंच. पण साध्या रिपरिपीत पण जात असेल तर दोष पावसाचा नाही, एलएनबीच्या (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा) कनेक्टरमध्ये पाणी गेलंय नाहीतर डिश हललीये, आणि सोसायटीत पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगवाले येऊन गेले असतील तर बहुतेक त्यांचाच धक्का. शिवाय मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो, तेव्हा दुपारच्या आधी काही मिनिटं काही दिवस सिग्नल जातो. त्यासाठी माणूस बोलावून व्हिजिट चार्ज देऊ नका.

फ्री डिशची खरी अडचण वेगळीच आहे. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी तिथे नाहीत. सासूबाईंची आठची सिरियल असेल तर पुढचं वाचायचं पण कारण नाही. आणि एप्रिलमध्ये स्लॉट, म्हणजे चॅनलच्या जागा, बदलले की चॅनल गेले असं वाटतं, तेव्हा ऑटो स्कॅन करून बघायचं.

केबलवाल्यांची डिश मोठी आणि सी बँडवाली (या लहरींना पाऊस कमी अडवतो), त्यामुळे पावसाने सहसा जात नाही. जाते ती वायर तुटून. पेठांमध्ये वायरी अजून डोक्यावरून जातात, खोदाई, झाडाची फांदी, गणपतीत उंच देखावा, काहीही पुरतं. अजून एक गंमत, तुमच्याकडे लाइट आहे पण मागच्या गल्लीतल्या अ‍ॅम्प्लिफायरची (सिग्नल वाढवणारा डबा) गेली तरी तुमचा टीव्ही बंद, गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्स असलं की हे दिसतंच. घरचा इन्व्हर्टर काही कामाचा नाही. पण केबलवाला गल्लीतलाच असतो, फोन केला की पोरगं शिडी घेऊन येतं, कॉल सेंटरचं एक दाबा दोन दाबा नाही, आणि वयस्कर माणसांसाठी मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

फायबर आणि अ‍ॅप, म्हणजे इंटरनेटवरून टीव्ही. चित्र उत्तम, दूरदर्शनचे चॅनल वेव्ह्ज अ‍ॅपवर फुकट पण दिसतात. मॅच मात्र अर्धा मिनिट मागे चालते, शेजारी ओरडले की समजायचं विकेट पडली. घेण्याआधी एवढंच विचारा की फायबर थेट घरात येणार की जिन्यातल्या स्विचपर्यंत (लाइटचा नाही, घराघरांत नेट वाटणारा डबा) येऊन पुढे लॅन वायर टाकणार. थेट घरात असेल तर राउटर इन्व्हर्टरवर टाकला की लाइट गेली तरी बहुतेक वेळा चालू राहतं. जिन्यातला स्विच असेल तर सोसायटीची लाइट गेली की तुमचं पण गेलं, कितीही इन्व्हर्टर लावा. आणि रस्ता खोदला की नेट, टीव्ही, वर्क फ्रॉम होम सगळं एकदम, हा धोका आहेच.

मी काय करीन? स्वतःची गच्ची असेल, धनकवडी-आंबेगावकडे वगैरे, आणि बातम्या, जुने पिक्चर एवढंच बघायचं असेल तर फ्री डिश, डोळे झाकून. आईवडील एकटे राहतात आणि मराठी सिरियल हव्यात तर केबल, केबलवाला बरा आहे का ते शेजाऱ्यांना विचारून. नवीन सोसायटीत तरुण जोडपं असेल तर फायबर, आणि मॅचचं वेड असेल तर पैसेवाला डीटीएच सोबत ठेवा, छोट्यात छोटा पॅक. केबल आणि फायबर दोन्ही एकाच माणसाकडून मात्र घेऊ नका, बहुतेक वेळा दोन्ही वायरी एकाच खांबावरून येतात आणि तुटतात पण एकत्रच.