ऑन्कोपॅथॉलॉजी फेलोशिप: वर्षभर तिकडे, नऊ महिने सोलापुरात

पॅथॉलॉजीत एमडी झाल्यावर सहा वर्षं सोलापुरात लॅब चालवली. मग लॅब एका मैत्रिणीच्या भरवशावर सोडून एका कॅन्सर हॉस्पिटलात वर्षभराची ऑन्कोपॅथॉलॉजीची, म्हणजे कॅन्सरचे नमुने तपासण्याची, फेलोशिप करायला गेले. परत येऊन आता नऊ महिने झाले. ‘करावी का गं?’ विचारणारे फोन अजून येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि दुसरीकडे फेलोशिप केलेल्या मित्रांनीही जवळजवळ त्याच सांगितल्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

पहिले दोन महिने नुसतं ग्रॉसिंग, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासणीसाठी कापणं. सकाळी आठला टेबलापाशी उभं राहायचं, समोर ट्रेमध्ये ‘कमांडो’ नावाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनचं स्पेसिमन: जबड्याचं हाड, गालाचा तुकडा, मानेतल्या गाठी, सगळं एकाला एक चिकटलेलं. शाई लावा, दिशा ओळखा, कापा, मोजा, कॅसेटमध्ये भरा. सहा वर्षं स्वतःच्या सहीनं रिपोर्ट देत होते आणि इथं मला पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटशेजारी सुरी हातात देऊन उभं केलं. पहिल्या आठवड्यात रोज रात्री घरी फोन करून कुरकुर केली. आज मागं वळून बघताना वाटतं, अख्ख्या वर्षातले सगळ्यात कामाचे दिवस तेच होते.

एक केस सांगते. गालाच्या आतला अडीच सेंटिमीटरचा कॅन्सर, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर फुगलेला. मी स्लाइडवर वरच्या टोकापासून खालपर्यंत मोजलं आणि डेप्थ ऑफ इन्व्हेजन 12 मिलिमीटर लिहिलं. मल्टीहेडवर, म्हणजे एकाच वेळी अनेकांना बघता येणाऱ्या मायक्रोस्कोपवर बसलेल्या सरांनी काही न बोलता स्लाइड सरकवली आणि बाजूच्या निरोगी अस्तरावर, त्याच्या तळाच्या पातळ पडद्यावर, म्हणजे बेसमेंट मेंब्रेनवर आणून थांबवली. ‘इथली बेसमेंट मेंब्रेन धरा. तिच्या पातळीची रेघ गाठीवरून पलीकडे न्या. आता त्या रेघेपासून खाली ओळंबा सोडा.’ 9 मिलिमीटर भरलं. मी मोजली होती ती गाठीची जाडी. कॅन्सर आत किती उतरला, हे मी मोजलंच नव्हतं. एजेसीसी या कॅन्सरच्या स्टेजिंगच्या अमेरिकी नियमावलीच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून, तोंडाच्या कॅन्सरची स्टेज ठरवताना ही खोली धरतात. 5 मिलिमीटरपर्यंत एक पायरी, 10 पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. माझ्या आकड्यानं तो पेशंट टी 3 झाला असता आणि रेडिएशनची चर्चा सुरू झाली असती. खरा होता टी 2. गाठीला खोल व्रण पडलेला असला की नेमकं उलटं होतं, जाडी कमी दिसते आणि खोली जास्त निघते.

त्या रात्री झोप लागली नाही. तंबाखू, मावा, मिश्री आमच्या भागात घरोघरी. तोंडाच्या कॅन्सरचे रिपोर्ट मी सोलापुरात किती दिले असतील, आणि त्यातल्या किती ठिकाणी जाडीच लिहिली असेल?

दुसरं शिकले ते कमी लिहायला. माझ्या रिपोर्टात ‘सजेस्टिव्ह ऑफ’ आणि ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ यांची रेलचेल असायची. तिथल्या मॅडम एकच प्रश्न विचारायच्या, ‘हे वाचून सर्जन उद्या सकाळी काय करणार?’ उत्तर नसलं की वाक्य खोडायचं. खरंच कळत नसेल तर ‘कळत नाही, या कारणानं कळत नाही, हा नमुना पाठवा’ असं सरळ लिहायचं. आयएचसीचंही, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या मार्कर चाचण्यांचंही, तसंच. सोलापुरात असताना अवघड केस आली की मी दहा-बारा मार्कर एकदम सांगायचे. जास्त लावले की सुरक्षित, असा हिशेब. तिथं फुफ्फुसाच्या बारीक बायोप्सीला आधी टीटीएफ-1 आणि पी40, बस्स. तेवढ्यात बहुतेक वेळा निकाल लागतो आणि उरलेला टिश्यू औषध ठरवणाऱ्या ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या चाचण्यांसाठी शाबूत राहतो. आधीच दहा सेक्शन कापून ब्लॉक संपवला तर पेशंटला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते, आणि मार्करचे पैसे जातात ते वेगळेच. विडी वळणाऱ्या बाईच्या घरून आलेल्या पैशावर बारा मार्कर लावताना आता हात थबकतो.

फ्रोजन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच नमुना गोठवून तपासणं, भरपूर बघायला मिळालं. कापलेल्या कडेला कॅन्सर उरलाय का, या मार्जिनच्या प्रश्नाचं वीस मिनिटांत उत्तर, आणि थिएटरमधून फोनवर ताटकळलेला सर्जन. मजा आली. आमच्या लॅबला त्यासाठी लागणारं क्रायोस्टॅट यंत्र नाही, त्यामुळे सध्या उपयोग शून्य.

आता दीड गुण का कापला ते. मॉलिक्युलरची, म्हणजे जनुकांच्या चाचण्यांच्या विभागातली, रोटेशन दोन आठवड्यांची, आणि त्यात मी फक्त मागं उभी होते. पिपेटला हात लावू दिला नाही. फेलो म्हणजे जादा हात, अशी समजूत पक्की. रेसिडेंट परीक्षेला गेले की त्यांचं ग्रॉसिंग फेलोंच्या माथी. घरभाडं गेलं की स्टायपेंडमधून फार काही उरत नसे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला दोन दिवस सुट्टी मागितली तर ‘कसला गड्डा?’ विचारलं. नंदीध्वजांची मिरवणूक मला मुलीनं व्हिडिओ कॉलवर दाखवली. सर्टिफिकेट वर्ष संपल्यावर चार महिन्यांनी हाती पडलं, तेही माझ्या नावाच्या चुकीच्या स्पेलिंगसह.

एक गोष्ट मात्र गमतीची घडली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीवरचा एक गाजलेला पेपर जर्नल क्लबमध्ये माझ्या वाट्याला आला. 2009 चा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त बायका, गावांचे 52 गट, आणि निष्कर्ष असा की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. वाचता वाचता जिल्ह्याचं नाव आलं, उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. आमच्या शेजारचा! काम टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं केलेलं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री (कॅन्सरच्या पेशंटची नोंदवही) सुद्धा बार्शीचीच, 1987 ची. बार्शी, परांडा आणि भूम हे तिचे तालुके. ज्या बार्शीला मी लग्नाकार्यांपुरती जायचे, तिथं हे सगळं चाललं होतं आणि मला ते परगावी एसी हॉलमध्ये कळलं. सादर करताना मी ‘आमची बार्शी’ म्हणाले तेव्हा दोघंतिघं हसले.

परत आल्यावरचं खरं सांगायचं तर पहिले तीन महिने चिडचिडीत गेले. तिथं नमुना कसा यायचा आणि इथं कसा येतो! आल्या आल्या दुसऱ्याच आठवड्यात आमचे टेक्निशियन अण्णा एक बरणी घेऊन आत आले. ‘मॅडम, हे बघा, निघतच नाही.’ तालुक्याच्या गावातून आलेलं अख्खं स्तनाचं स्पेसिमन, अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेलं. आत गेलं होतं, आता बाहेर येईना. शेवटी अण्णांनी बरणीच कापली. नमुना टिकवणारं फॉर्मॅलिन तळाशी दोन बोटं. वरून रंग बदललेला, पण मधे सुरी घातली तर आतून लिबलिबीत आणि वास मारणारं. फॉर्मॅलिन टिश्यूमध्ये साधारण तासाला एक मिलिमीटर शिरतं. अख्खं स्तन न कापता टाकलं तर ते गाठीपर्यंत पोचायच्या आत गाठ सडायला लागते.

ब्लॉक आयएचसीला बाहेर पाठवला, ईआर (हार्मोनविरोधी गोळी लागू पडेल का ते सांगणारा मार्कर) निगेटिव्ह आलं. पूर्वी मी ते तसंच टाइप करून सही केली असती. या वेळी गाठीशेजारच्या निरोगी नलिका बघितल्या. तिथल्या काही पेशी तरी ईआरनं रंगायलाच हव्यात, त्याही कोऱ्या. म्हणजे पेशंट निगेटिव्ह आहे असं म्हणता येत नव्हतं, नमुनाच वाया गेला होता. सर्जनना फोन केला, ऑपरेशनआधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक दुसऱ्या लॅबमधून मागवला, त्यावर ईआर लावलं. ठसठशीत पॉझिटिव्ह. पहिला रिपोर्ट गेला असता तर रोजची एक गोळी, किमान पाच वर्षं घ्यायची, ती त्या बाईला कुणी दिलीच नसती.

सर्जन म्हणाले, ‘मॅडम, एवढं फॉर्मॅलिनवर अवलंबून असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.’ मलाही सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

जाणाऱ्यांनी काय बघावं? एमडीनंतर लगेच जाऊ नका, असं माझं मत. दोन-तीन वर्षं स्वतःच्या सहीचे रिपोर्ट देऊन, थोडे चुकून मग जा. कुठं चुकतो हे माहीत नसेल तर तिथं सगळंच सारखं महत्त्वाचं वाटतं. मुलाखतीत न लाजता विचारा की मल्टीहेडवर फेलोला रोज बसायला मिळतं का, कच्चा रिपोर्ट फेलो लिहितो की रेसिडेंट, मॉलिक्युलरमध्ये हाताला काम आहे का. आत्ताच्या फेलोंशी बोला, तेही हॉस्पिटलच्या कॅंटीनमध्ये नको, बाहेर चहाला न्या. आणि कमाई वाढेल या आशेनं जाऊ नका. माझे दर तेच आहेत. पंढरपूर, अकलूज, अक्कलकोटहून दुसऱ्या मतासाठी ब्लॉक येतात, त्यातले निम्मे ओळखीचे असतात, आणि ओळखीत पैसे कसे मागायचे हे कुठल्याच फेलोशिपमध्ये शिकवत नाहीत.

बरण्यांचं पुढं असं झालं. मी मोठ्या तोंडाच्या चार डझन प्लॅस्टिकच्या बरण्या घेतल्या. अण्णांनी त्यात फॉर्मॅलिन तयार करून भरलं, एक भाग कडक फॉर्मॅलिनला नऊ भाग बफर घातलेलं पाणी, आणि मराठीत चिठ्ठी चिकटवली: ‘नमुन्याच्या दहापट औषध. मोठी गाठ मधून कापून ठेवा. काढल्याची वेळ लिहा. रात्रभर सलाइनमध्ये ठेवू नका.’ ज्या ज्या थिएटरमधून नमुने येतात तिथं वाटल्या. आता बहुतेक बरण्या वेळ लिहून येतात. परवा एकीवर ‘दु. 1:10, कापून ठेवले आहे, आता ओरडू नका’ असं लिहिलेलं होतं. चार बरण्या मात्र परत आल्याच नाहीत. त्यातल्या एकीत एका सिस्टरनं कैरीचं लोणचं घातल्याचं अण्णांच्या कानावर आलंय. जास्तीची म्हणून रिकामी दिली होती, त्यात औषध भरलेलंच नव्हतं, असं ती शपथेवर सांगते.