एज पेंट: घट्ट लावावा की पातळ?

एज पेंट म्हणजे चामड्याच्या कापलेल्या कडेला लावायचा रंग. चामडं टोचायच्या आरीचं टोक त्यात बुडवून वर उचला. थेंब टोकाला लोंबत राहिला आणि मधासारखा सावकाश सुटला, तर रंग घट्ट. दुधासारखा टपकन गळला, तर पातळ. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, मी या थेंबावरच ठरवतो.

घट्ट रंगाचा मोठा गुण म्हणजे तो भरतो. तो कडेच्या दोन्ही धारांना धरून मध्ये फुगतो, त्यामुळे दोन-तीन हातांतच गोलाई येते आणि चामडं व अस्तर यांच्यातली रेघही झाकली जाते. खोट एवढीच, की तो वरून सुकतो आणि आतून ओला राहतो. एका बॅगेच्या पट्ट्याला मी घाईघाईने एकच जाड हात दिला होता. दुसऱ्या दिवशी बोटाला कोरडा लागला म्हणून पट्टा वाकवून पाहिला, तर वाकलेल्या जागी रंग सालासारखा सुटला आणि खालचा थर अजून चिकट होता. शिवाय घट्ट रंगात हवेचे बुडबुडे अडकतात. सुकताना ते फुटले की टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात.

पातळ रंग कडेच्या तंतूंमध्ये मुरतो, म्हणून त्याची पकड चांगली. पण गोलाई येता येत नाही. पाच-सहा हात देऊनही कड सपाटच दिसते, आणि रंग लावायचा रोलर जरा जास्त भिजला की रंग पुढच्या बाजूवर ओघळतो. ओघळ ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसायचा. हे रंग पाण्यात मिसळणारे असले, तरी एकदा सुकल्यावर पाण्याने निघत नाहीत.

एकच बाटली घ्यायची असेल तर घट्ट घ्या. घट्टाचा पातळ करायला काही थेंब पाणी पुरतं. पातळाचा घट्ट करायचा म्हणजे वाटी उघडी ठेवून वाट बघायची, मधूनमधून ढवळायचं, आणि साय धरली तर ती उचलून टाकायची. साय आत ढवळली तर कडेवर गुठळ्या उमटतात. पाणी बाटलीत कधीच घालू नका. लागेल तेवढा रंग वाटीत काढून एकेक थेंब घाला आणि काडीने हळू फिरवा. जोरात हलवलंत की बुडबुडे आलेच. पाणी जास्त झालं तर रंग फिका पडतो आणि थरही कच्चा राहतो.

खरं तर मी दोन्ही वापरतो. पहिला हात पातळ. तो सुकला की तंतू उभे राहतात, ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून टाकतो. मग दोन हात घट्ट, मध्ये ६०० नंबरचा पेपर. शेवटचा हात किंचित पातळ, म्हणजे रोलरच्या खुणा आपोआप मिटतात. मऊ, सैल तंतूंच्या क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्याला पहिला पातळ हात कधी कधी दोनदा द्यावा लागतो, कारण कड टीपकागदासारखा रंग पिते. व्हेज टॅनची, म्हणजे झाडांच्या सालींसारख्या वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची, कड नुसती घोटूनही सुंदर दिसते. तिथे रंग हवाच असेल, तर आधी मेण लावू नका, वर रंग धरणार नाही.

ठरत नसेल तर त्याच चामड्याच्या दोन कातरणी घ्या, एकीला घट्ट आणि दुसरीला पातळ रंग लावून दोन दिवस ठेवा, आणि मग दुमडून पाहा. दुमडलेल्या जागी चीर दिसली, तर थर जाड झालाय.